तायडे सरांची बंदूक

तायडे सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीकडे बघायचे. कॅलेंडर, तसबीर, लग्नातला फोटो, जे तिरकं दिसेल ते बोटानं सरळ करायचे आणि मग खुर्ची ओढायचे. एकदा आम्ही एका सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि सर उठून हार घातलेला फोटो सरळ करतायत. घरच्यांना वाटलं, केवढी माया! परतताना मी तसं म्हटलं तर सर लगेच म्हणाले, "माया नाही हो. तिरका होता."

आपल्या वाट्याची नसलेली चांगली गोष्ट कुणी आपल्या नावावर लावली, की त्यांना अंगात खडा टोचल्यासारखं व्हायचं. "चहा झकास झालाय सर," म्हटलं तर "शिपायानं केलाय." "शर्ट छान आहे," म्हटलं तर "मेव्हण्याचा आहे." आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या चित्राला जिल्ह्याच्या प्रदर्शनात ढाल मिळाली, तेव्हा सरांनी आयोजकांना गाठून सांगितलं की त्यातल्या बैलाचं शिंग आपणच नीट करून दिलं होतं. ढाल परत गेली. मुख्याध्यापक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांचं म्हणणं एकच, "सांगून टाकावं. पोटात ठेवलं की आंबतं."

रावेरच्या त्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. मी जळगावहून रोज रेल्वेनं यायचो आणि शाळा भरायच्या बऱ्याच आधी पोचायचो. सर तोवर चित्रकलेच्या खोलीत पेन्सिलींना ब्लेडनं टोक काढत बसलेले असायचे. फळ्यावर हातानं सरळ रेघ मारावी तर त्यांनीच. मुलांना म्हणायचे, "श्वास कोंडू नका. सोडा, आणि सोडून झाल्यावर जी शांतता असते ना, तिच्यात रेघ मारा."

या माणसाकडे पन्नाशी उलटल्यावर बंदूक आली, ती दातामुळे.

धुळ्याला मेहुणीकडे गेले असताना त्यांची दाढ ठणकायला लागली. तिथले दातांचे डॉक्टर बोरसे यांच्याकडे गेले. बोरसे म्हणजे उत्साहाचं पोतं. त्यांनी दाढ कोरली, भरली, आणि शेवटी हातमोजे काढत विचारलं, "सर, तुम्ही जराही हालनात नहीत. इतका थीर माणूस मी आजवर देखा नही. रविवारले काय करतात?"

बोरशांची एक मंडळी होती. धुळ्याबाहेर डोंगराखालच्या पडीक रानात ही माणसं रविवारी लढाई खेळायची. मोबाइल दुकानवाला, कापसाचा व्यापारी, कॉलेजातला एक प्राध्यापक. सगळ्यांकडे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका. त्यांतून ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा प्लास्टिकचा मणी सुटतो. डोळ्यांना जाड चष्मे लावायचे, दोन गट करायचे, दबा धरायचा. मणी लागला तर अंगाला चिमटा बसतो, पण खूण राहत नाही. त्यामुळे गोळी लागली की नाही हे ज्याला लागली त्यालाच ठाऊक. त्यानं हात वर करून ओरडायचं आणि खेळातून बाहेर जायचं. पंच नाही, शिट्टी नाही.

सर या नियमावरच भाळले. मला म्हणाले, "अहो, कुणी बघत नसताना माणसं आपणहून हात वर करतात! आपल्या स्टाफरूममध्ये करतील का?"

पुढच्या दिवाळीत त्यांनी स्वतःची घेतली. लांब नळीची, दूरच्या निशाण्याची. वर दुर्बीण, पुढे टेकवायला दोन पाय. दर वेळी कडी मागे ओढून पुढे ढकलायची, मग एक मणी. आत सगळा कारभार स्प्रिंगचा. वजन मात्र अगदी खऱ्यासारखं. नळीचं टोक नारिंगी होतं, बघणाऱ्याला ती खोटी आहे हे कळावं म्हणून. मंडळीतल्या बहुतेकांनी आपापली टोकं काळी करून घेतली होती. सरांनी नाही केली.

मंदावहिनी, त्यांची बायको, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लोक पन्नाशीला बुद्धगयेला जातात. आमचे हे धुळ्याला लपाछपी खेळायला जातात."

बंदूक गोधडीत गुंडाळून ते एसटीनं जायचे. कंडक्टरनं विचारलं, "सर, तंबोरा का?" तर म्हणाले, "नाही, खोटी बंदूक आहे." कंडक्टर खो खो हसला आणि पुढे गेला. खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवत नाही, हा त्यांचा अनुभव तिथूनच सुरू झाला असावा.

एकदा त्यांनी मला सोबत नेलं. सगळे पळत, ओरडत, धापा टाकत होते. सर सकाळीच एका कोरड्या नाल्याच्या काठावर गवतात पालथे पडले ते पडलेच. मी लांब झाडाखालून बघत होतो आणि मलाही ते दिसत नव्हते. मानेवरून मुंग्या गेल्या, ऊन डोक्यावर आलं, माणूस हलला नाही. मग समोरच्या बाभळीमागून बोरसे डॉक्टर बेतानं बाहेर आले, चार पावलं चालले, आणि मध्येच थांबून दोन्ही हात वर करून ओरडले, "लागनी रे भाऊ, माले लागनी! कोठे बठेल व्हतात तुम्ही? बठ्ठं रान देखी टाकं मी!"

गवतातून सर उठले. अंगभर कुसळं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद पुन्हा कधी पाहिला नाही. विजयाचा नव्हता तो. दोन माणसांमध्ये काहीतरी चोख घडलं, त्याचा होता.

बंदूक गावभर झाली ती एका फोटोमुळे. सर गच्चीवर दुर्बिणीची काच पुसत होते, समोरच्या इमारतीतून कुणी तरी फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपवर टाकला. संध्याकाळी पोलिसांचा फोन. मी सोबत गेलो. साहेब तरुण होते, जरा घाबरलेलेही. सरांनी गोधडी सोडली, टेबलावर बंदूक ठेवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत कडी ओढून स्वतःच्या डाव्या तळहातावर मणी झाडला. टक्‌. मणी उडून फायलींमागे गेला. "बघा," सर तळहात पुढे करत म्हणाले, "लाल ठिपका. दहा मिनिटांत तोही जाईल."

साहेब हसले, चहा मागवला, "घरातच ठेवत जा सर" म्हणाले. प्रकरण मिटलं. पण पोलिसांनी बोलावलं आणि बंदुकीसकट परत पाठवलं, याचा अर्थ तालुक्यानं आपल्या परीनं लावला. सरांकडे लायसन आहे. सर पूर्वी मिलिटरीत होते. सर उडत्या पाखराचा डोळा फोडतात. वर्गातली मुलं विचारायची, "सर, तुम्ही सरहद्दीवर किती मारले?" सर प्रत्येकाला थांबवून सांगायचे, खेळणं आहे, प्लास्टिक आहे. मुलांना वाटायचं, लष्करी गुपित.

सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या गावात पुढचं घडलं त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रावेरहून लांब नाही. आजूबाजूला नुसत्या केळीच्या बागा. बाग दाट झाली की आत दिवसाही संध्याकाळ असते. त्या हिवाळ्यात तिथे बिबट्या वावरायला लागला. आधी कुत्री गेली, मग एक वासरू. वनखात्यानं पिंजरा लावला, आत बोकड बांधला. बिबट्या येऊन पिंजऱ्याभोवती फिरून जायचा. मजुरांनी बागेत पाऊल टाकायचं बंद केलं. माल झाडावर पिकायला लागला, आणि मजुरांच्या चुली थंड पडायला लागल्या.

गावचे सरपंच, त्यांना सगळे आबा म्हणायचे, चार माणसं घेऊन चित्रकलेच्या खोलीत आले. मी तिथेच होतो.

"सर, तुमच्याजोळ बंदूक हाये," आबा म्हणाले, "आन् आमी तिकडे पत्रे बडवून राहिलो."

सरांनी त्यांना सगळं सांगितलं. मणी दाखवला. आबांनी तो बोटात धरून बघितला, परत दिला.

"मारायचं म्हनतंच कोन बावा? मारलं तं गुन्हा हाये. तुमी फक्त उभे राहा. तुमी उभे हाये म्हनल्यावर मजूर आत जातीन."

"पण आबा, ते खोट्या भरवशावर आत जातील."

"मंग खरा भरवसा द्या ना सर. कुठी हाये तो? आमी घेऊन येतो."

सरांनी मणी खिशात टाकला आणि विचारलं, "किती वाजता?"

सर रोज सकाळी शाळेच्या आधी मोटरसायकलीवर तिकडे जायला लागले. पहिल्याच दिवशी आबांनी नारिंगी टोकावर काळी चिकटपट्टी गुंडाळायला सांगितली, आणि सरांनी गुंडाळू दिली. बांधावर उभे राहायचे. आत जाणाऱ्या प्रत्येक टोळीला सांगायचे, "ही खोटी आहे. हिच्यातून काही होणार नाही. एकट्यानं वाकू नका, मोठ्यानं बोलत राहा, मोबाइलवर गाणी लावा." वनखात्याच्या माणसाला विचारून त्यांनी हे सगळं शिकून घेतलं होतं. बायांना रिकामे डबे आणि काठ्या आणून दिल्या. बाया डबे घ्यायच्या आणि हसायच्या. गुमान नावाचा एक पावरा आदिवासी मजूर होता, डोंगरातला, बायको शेवंतासोबत बागेच्या कडेलाच झोपडीत राहायचा. तो सरांना म्हणायचा, "सर, तुमी रोज खोटी खोटी म्हन्ता. देवाले बी लोक दगड म्हन्ता. पन पाया पडताच ना?"

सर ही गोष्ट मला हसत सांगायचे, पण हसताना कपाळ आठ्यांनी भरलेलं असायचं.

ज्या सकाळी ते घडलं, तेव्हा मी गाडीत होतो. मला जे माहीत आहे ते सरांनी सांगितलेलं. एकदाच सांगितलं, पेन्सिलीला टोक काढता काढता, आणि टोक काढून संपलं तरी ब्लेड चालवत राहिले.

धुकं होतं. टोळी आत गेली होती. गुमान बांधाजवळच्या ओळीत केळीच्या बुडख्याशी उगवलेली पिलं, म्हणजे नवे कोंब, विळ्यानं कापत होता. वाकलेला. सर त्याला म्हणाले, आत सरक, सगळ्यांमध्ये जा. तो म्हणाला, एवढी ओळ करतो, तुमी हायेच ना.

"मला आधी पानं हललेली दिसली," सर म्हणाले. "मग तो गुमानच्या पाठीवर होता. आवाज नाही, काही नाही. मी बंदूक खांद्याला लावली. का लावली? माहीत नाही. मला ठाऊक होतं की ती बंदूक नाही. पण हातानं तेच केलं. दुर्बिणीत तो एवढा जवळ दिसला, मिशा मोजाव्यात इतका. मी श्वास सोडला. मारली. खांद्यावर लागली, केस हलले तिथले. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कडी ओढली, परत मारली. परत लागली. एकही चुकली नाही हो माझी."

मग बाया धावत आल्या. डबे बडवत, किंचाळत, शिव्या देत. सगळ्यांच्या पुढे शेवंता, हातात विळा. बिबट्या गुमानला सोडून गेला. माणसानं माणसासाठी जे करायचं ते त्या बायांनी केलं, आणि सर तोवर कडी ओढत उभे होते.

गुमानला रावेरला नेलं, तिथून जळगावला मोठ्या दवाखान्यात. मी जळगावातच राहणारा, म्हणून तिथे जात होतो. मानेची जखम होती. दोन दिवस तो शुद्धीवर येत जात राहिला आणि मग गेला. व्हरांड्यात शेवंता भिंतीला टेकून बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटत होतं, ती आता विचारणार, तुम्ही असून हे कसं झालं. सरांनाही तेच वाटत असणार. ते त्यासाठीच बसले होते.

शेवंतानं वर बघितलं. "सर, तुमी मारली ना गोळी त्याले?"

"मारली."

"लागली ना?"

सरांचे ओठ हलले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. आता ते सगळं सांगणार, प्लास्टिक, स्प्रिंग, लाल ठिपका.

"लागली," सर म्हणाले.

तिनं मान हलवली. पदर तोंडाशी नेला. "बरं झालं," म्हणाली. "त्याले बी लागलं."

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. स्टेशनवर उतरल्यावर म्हणाले, "खोटं नाही बोललो ना मी?" मी नाही म्हटलं. "मग असं का वाटतंय?"

काही आठवड्यांनी शेजारच्या शिवारात एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला. तोच की दुसरा, कोण सांगणार. बघायला जत्रा लोटली. कुणाला तरी त्याच्या खांद्यावर जुना व्रण दिसला. संपलं. सरांच्या गोळीनं जखमी झाला, म्हणून पिंजऱ्यात शिरला, असं ठरून गेलं. वनखात्याच्या माणसानं सांगून बघितलं की व्रण भांडणातला आहे. त्याचं कोण ऐकतो?

ग्रामपंचायतीसमोर सत्कार ठेवला. सर नको म्हणाले, तीनदा म्हणाले. मग एका सकाळी अचानक मला म्हणाले, "जातो. बंदूक घेऊनच जातो. माईकवर सांगतो सगळं, आणि सगळ्यांसमोर हातावर मारून दाखवतो. एकदाचं मिटू दे." त्या दिवशी त्यांच्या आवाजात जुनी खणखण होती. मलाही हायसं वाटलं.

मंडप, खुर्च्या, शाल, नारळ. आबांचं भाषण झालं. सर उठले. गोधडी सोडली. गर्दी पुढे सरकली, मोबाइल वर झाले. सरांनी काळी चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. नारिंगी टोक दिसलं. त्यांनी माईक जवळ घेतला.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "या बंदुकीविषयी."

आणि मग त्यांना शेवंता दिसली. बायांच्या पहिल्या रांगेत, खाली सतरंजीवर. कुणी तरी तिला नवं लुगडं दिलं होतं. ती शेजारणीला सरांकडे बोट करून काहीतरी सांगत होती आणि शेजारीण मान डोलावत होती. शेवंताच्या चेहऱ्यावर, मी काय शब्द वापरू, अभिमान होता. तिचा नवरा गेला होता, पण फुकट गेला नव्हता. त्याच्या जागी कुणीतरी मारलं होतं आणि ते लागलं होतं.

सरांनी कडी ओढलेली होती. डावा तळहात अर्धा उघडला होता. तो तसाच राहिला. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी हात मिटला.

"बायांनी वाचवायचा प्रयत्न केला," ते म्हणाले. "डबे घेऊन त्या पुढे गेल्या. मी लांब होतो. सत्कार त्यांचा करा."

टाळ्या पडल्या. आबा माईकवर म्हणाले, "पाहा, केवढा मोठा मानूस!" आणि शाल सरांच्याच खांद्यावर पडली. सरांनी हात जोडले. त्यांच्या खांद्यावर ती तिरकी बसली होती. त्यांनी ती सरळ केली नाही.

त्यानंतर ते धुळ्याला गेले नाहीत. बोरसे डॉक्टरांचे फोन यायचे. "सर, तुमना बिगर मजा नही," असं म्हणायचे, मग तेही थांबले. शाळेत सर पूर्वीसारखेच होते, फक्त कुणी त्यांचं उगाच कौतुक केलं तर आता दुरुस्त करायचे नाहीत. ऐकून घ्यायचे. मला ते सगळ्यात अवघड जायचं. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी "या शूर सहकाऱ्याला" असं म्हटलं, तेव्हा मंदावहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. सर टेबलावरच्या हाराकडे बघत होते.

मी नंतर शाळा बदलली. पाचोऱ्याला गेलो. गाठीभेटी कमी झाल्या, फोनवर बोलणं व्हायचं. त्यांची तब्येत, माझी तब्येत, पाऊसपाणी. बंदुकीचा विषय आम्ही कुणीच काढत नसू. मला वाटायचं, माळ्यावर पडली असेल.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी त्या बाजूला गेलो होतो. सकाळची वेळ, मोटरसायकलवर मी एकटा. केळीच्या ट्रकांची रांग लागली होती म्हणून गाडी बाजूला घेतली, आणि समोरच्या बांधावर सर दिसले. मफलर, स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. दाढी पांढरी. खांद्यावर ती लांब नळी.

त्या शिवारात पुन्हा बिबट्या आला होता, की येईल अशी नुसती भीती होती, मला माहीत नाही. मजुरांची नवी टोळी होती. ट्रकवाल्यानं सांगितलं, कापणी सुरू झाली की सरांना घ्यायला गाडी जाते. ते नाही म्हणतात, मग येतात.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात टोळीतली एक तरुण बाई झोळी घेऊन बांधावर चढली. झोळीत तान्हं मूल होतं. तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि सगळ्यात सुरक्षित जागा शोधावी तशी ती झोळी सरांच्या अगदी जवळ, शेवग्याच्या खालच्या फांदीला बांधली. सर तिला काहीतरी सांगायला लागले. मला ऐकू येत नव्हतं, पण हातवारे दिसत होते. नळीकडे बोट, मग नकाराचा हात, मग बागेकडे बोट. बाई हसली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि विळा घेऊन केळीत शिरली. पानं तिच्यामागे मिटली.

सर थोडा वेळ त्या पानांकडे बघत राहिले. मग झोळीकडे. मूल हात हलवत असावं, झोळीचं कापड हलत होतं. ते झोळीच्या आणि बागेच्या मधोमध येऊन उभे राहिले, तोंड बागेकडे, पाठ मुलाकडे, आणि मोठ्या आवाजात एकटेच काहीतरी बोलायला लागले. पाढे असतील, कविता असेल. बोलत राहिलं की तो येत नाही.

मी हाक मारली नाही. ट्रक सरकले तेव्हा निघालो. वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता.